नेमबाजीतील गुण आणि मैदानाचा वाटा

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे याने रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या परंपरेला ते साजेसेच होते. परंतु ही सारी नावे रायफल किंवा पिस्तूल या प्रकारांतील आहेत. उडत्या तबकड्या टिपण्याच्या ‘ट्रॅप’ प्रकारात देशाचे नाव झाले ते 1962 साली जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविणारे बिकानेरचे करणीसिंह आणि 2006 चे जगज्जेते मानवजितसिंग संधू यांच्यामुळे. महाराष्ट्राच्या गुणवत्तेत काही उणे आहे, असे मानण्याचे कारण नाही. उणीव आहे ती मैदानाची.

दहा मीटरची एअर रायफल बंदिस्त दालनात चालविता येते. तेथे सर्वांना प्रकाश सारखा आणि वारा कोणालाच नाही. ट्रॅपचे तसे नाही. सुमारे 105 ग्रॅम वजनाची तबकडी खंदकातील यंत्रातून सुटते आणि निवांत हवेत 76 मीटरपर्यंत जाईल, अशा बेताने ते यंत्र लावलेले असते. वारा समोरून आला की ती वर उचलली जाते, पाठीमागून आला की खाली दबते. प्रकाशाचेही तसेच. नारिंगी तबकडी गर्द झाडीवर उठून दिसते, ढगाळ आभाळावर हरवते. सूर्य नेमबाजाच्या पाठीशी राहावा म्हणून आपल्या गोलार्धात मैदानाचे तोंड उत्तरेकडे वा ईशान्येकडे ठेवतात. तबकडी म्हणजे चुनखडीची भुकटी व डांबरासारखा पदार्थ यांचे मिश्रण. कडक उन्हात ती मऊ पडते आणि छर्रा लागूनही कधी कधी फुटत नाही. तुकडा उडालेला दिसला नाही, तर गुण नाही.

125 तबकड्यांच्या फेरीत अंतिम स्पर्धेचा प्रवेश बहुधा एकदोन तबकड्यांवर ठरतो. तेव्हा गुणफलकावरील आकडा हा कौशल्य व परिस्थिती यांची बेरीज असतो. अर्थशास्त्रात दोन शेतांच्या उत्पन्नाची तुलना करताना जमिनीचा कस विचारात घ्यावा लागतो. येथे मात्र सकाळच्या शांत हवेतील गुण आणि दुपारच्या वाऱ्यातील गुण एकाच तराजूत तोलले जातात. ज्याला नाना परिस्थितींत सराव करता येतो, तो प्रतिकूल दिवशीही फार घसरत नाही. असा सराव काडतुसांमुळे मुळातच महाग; त्यात मैदान परगावी असले की तो धनिकांपुरताच उरतो.

मग आपल्या मीरा-भाईंदरसारख्या शहराने काय करावे? नकाशावर मोकळी दिसणारी मिठागरे पाहून तेथे मैदान करण्याची कल्पना कोणाला सुचू शकेल. ती टाळलेली बरी. दुपारी येथे समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो. मैदानाचे तोंड उत्तरेला ठेवल्यास डावीकडे जाणारी तबकडी वर उचलली जाईल आणि उजवीकडची दबेल. हा खेळाचा भाग म्हणून सोडून देता येईल. शिशाचे तसे नाही. एका काडतुसात 24 ग्रॅम छर्रे असतात. शंभर नेमबाजांनी प्रत्येक तबकडीवर एकच बार टाकला, तरी एका स्पर्धेत 300 किलो छर्रे जमिनीवर पडतात, तेही सुमारे 200 मीटरपर्यंत. खाडी आणि कांदळवनाच्या काठी ते वेचणार कोण? युरोपीय संघाने 2023 पासून पाणथळ जागी शिशाचे छर्रे वापरण्यास बंदी घातली, ती उगाच नव्हे. शिवाय जेमतेम 79 चौरस किलोमीटरांत आठ लाखांवर लोक राहत असताना एवढी जागा मूठभरांसाठी अडविणे न्याय्य ठरणार नाही.

महापालिकेने शाळांच्या इमारतींतून दहा मीटरची दालने उभारावीत. त्यांस जागा थोडी लागते आणि लाभ अनेकांना होतो. ट्रॅपची जबाबदारी राज्याची. घाटमाथ्यावर, पाणथळीपासून दूर, हिरव्या टेकडीची पार्श्वभूमी असलेले एक प्रमाणबद्ध मैदान, शिसे गोळा करण्याची सोय आणि होतकरूंना सवलतीच्या दरात काडतुसे, एवढे केले तरी पुरे. तसेच निवड स्पर्धांत प्रत्येक फेरीच्या गुणांबरोबर वारा, प्रकाश व वेळ यांची नोंद ठेवावी. त्यास खर्च जवळजवळ नाही. पण त्यावाचून गुणवत्तेची निवड होते की हवामानाची, हे आपणास कधीच कळणार नाही.