वैशाखात किती कुंड्या?



चैत्र संपत आला की आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर गच्चीवरच्या बागांचे फोटो यायला लागतात. हिरवीगार कोथिंबीर, लालबुंद टोमॅटो आणि खाली एक ओळ, ‘उन्हाळ्यातही घरची भाजी शक्य आहे!’ शक्य आहे की, मी कुठे नाही म्हणते? पण ती कुणाच्या पाण्यावर आली, ते फोटोत दिसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. आमच्या कवठे महांकाळसारख्या गावात एप्रिल-मेमध्ये, घरात एकदा वापरून झालेलं पाणी जेवढं निघतं तेवढ्याच कुंड्या ठेवाव्यात. त्यापुढची प्रत्येक कुंडी ही हौस. हौस वाईट नाही, पण तिला घरच्या भाजीचं पुण्य चिकटवू नये.

आमचा तालुका पर्जन्यछायेतला. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून इकडे आणलं, तेव्हापासून पुष्कळ बदल झाला, द्राक्षबागा वाढल्या. तरी उन्हाळ्यात अग्रणी नदीकडे बघवत नाही. आणि वारा! नागजकडच्या शेडमध्ये बेदाणा झकास वाळतो तो याच कोरड्या, गरम वाऱ्यानं. जो वारा द्राक्षाचा बेदाणा करतो, तो गच्चीवरच्या मेथीचं काय करणार? सकाळी टवटवीत दिसलेलं पान दुपारी कागदासारखं वाजतं. टोमॅटोला फुलं येतात, पण पारा पस्तिशीच्या वर राहिला की ती गळतात. कोथिंबीर तर चार पानं फुटायच्या आत तुऱ्यावर येते. झाड आजारी आहे असं वाटून आपण आणखी पाणी घालतो. झाड आजारी नसतं, त्याचा हंगामच नसतो.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. 2016 च्या उन्हाळ्यात माझ्या गच्चीवर चाळीस कुंड्या होत्या. आमच्या बोअरला तेव्हा थोडं पाणी होतं, आणि भांडी घासायला येणारी बाई जाताना आमच्या नळावरून दोन घागरी भरून न्यायची. एक दिवस पाणी कमी आलं. ती म्हणाली, “अक्का, आमच्याकडं नळाला चार दिस झालं पाणी न्हाई.” आणि मी म्हटलं, “आज एकच घागर ने गं, कुंड्यांना घालायचं राहिलंय.” ती काही बोलली नाही. एकच घागर भरून घेऊन गेली.

त्याच आठवड्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. 12 एप्रिलला ती लातूरला पोचली. मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी ती लाईन आमच्याच स्टेशनावरून जाते. टीव्हीवर तिच्या स्वागताची दृश्यं चालू होती, आणि मला सारखी ती एक घागर दिसत होती. दुसऱ्या दिवशी तिला दोन घागरी दिल्या, पण आदल्या दिवशीची ती काही परत देता आली नाही. त्या वर्षी तीसेक कुंड्या मी पाण्यावाचून जाऊ दिल्या. त्यातही जीव होताच, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर मुळात लावतानाच मोजून लावाव्यात.

मी बी.कॉम. झालेली, हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आठवडाभर स्वयंपाकघरात बादली ठेवली आणि वहीत लिहिलं. तांदूळ-डाळी धुतलेलं, भाजी आणि फळं धुतलेलं, शिवाय गाळलेलं पाणी एका मुहूर्तात म्हणजे 48 मिनिटांत संपलं नाही तर ते. (परत गाळून घेता येतं, पण तळाशी थोडं राहतंच.) साबणाचं पाणी यात धरलं नाही. रोजची जमा साधारण बारा लिटर. खर्चाच्या बाजूला, एक मोठी कुंडी वैशाखात दीड-पावणेदोन लिटर पिते. म्हणजे सात कुंड्या. आठवी उधारीची.

आमच्या जाऊबाईंना हेही पटत नाही. त्या म्हणतात, “माती उकरायची, पाणी ओतायचं, पानं खुडायची, पृथ्वीकाय, अप्काय, वनस्पतीकाय, सगळ्यांचीच हिंसा. श्रावकानं कुंड्या ठेवाव्यातच कशाला?” त्यांचं व्रत माझ्यापेक्षा कडक आहे, त्यामुळे मी वाद घालत नाही. पण मनात येतं की मंडईतून आणलेली भाजीही कुणीतरी मातीतूनच काढलेली असते, वर तिच्यावर फवारे मारलेले असतात. कृत, कारित, अनुमोदना असे तीन प्रकार आपल्याला शिकवले आहेत, पिशवी घेऊन बाजारात गेलं म्हणून आपण त्यातून सुटत नाही. शिवाय आमच्या भागातले निम्मे जैन शेतकरी! असि, मसी, कृषी शिकवणारे भगवान ऋषभदेवच ना? त्यांचं पारणं झालं ती अक्षय्य तृतीया याच वैशाखातली.

जाऊबाईंच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र मी उचलली. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या येते, म्हणजे कारण नसताना जमीन खणणं, पाणी वाया घालवणं, झाडं तोडणं. भर ‘कारण नसताना’ यावर आहे. ग्रुपवर फोटो टाकायला वैशाखात कोथिंबीर लावणं हे कारण नव्हे, असं मला वाटतं.

सध्या माझ्याकडे काय आहे ते सांगते, कारण फोनवर विचारणाऱ्या पुष्कळ आहेत. गवती चहा, ओव्याची पानं, तुळस, पुदिना, दोन कुंड्यांत चवळी आणि एका पसरट टोपलीत तांदुळजा. चवळी, गवार, भेंडी, तांदुळजा या ऊन सोसणाऱ्या भाज्या, त्यांचे लाड करावे लागत नाहीत. कढीपत्ता अंगणात जमिनीत आहे, तो आपलं आपण बघतो. तांदुळजा मुळासकट न उपटता वरून खुडायचा, पुन्हा फुटतो. बेदाणा शेडवरची जुनी हिरवी जाळी एका ओळखीच्यांनी दिली, ती दुपारच्या बाजूला बांधली आहे. काळ्या पिशव्या काढून टाकल्या, त्यात मुळं अक्षरशः शिजतात. मातीच्या कुंड्यांना बाहेरून चुना लावला.

चवळीच्या टोपल्यात मधोमध एक लहान मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आहे. त्यात गाळलेलं पाणी भरायचं, वर झाकण ठेवायचं. ते पाझरतं तेवढंच मुळं ओढून घेतात. झाकण विसरू नका, उघड्या पाण्यात डास होतात आणि किडे पडून मरतात. ही युक्ती काही नवी नाही, चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथातही तिचं वर्णन आहे. पाणी सकाळी उजाडल्यावरच घालावं. एक तर ऊन चढायच्या आत मुरतं, आणि खाली मुंगी-किडा दिसतो तरी.

मावा पडला तर? मी फवारत नाही, कडुनिंबाचा अर्कसुद्धा नाही, कारण हेतू मारण्याचाच असतो. गेल्या वर्षी एक चवळी तशीच सोडून दिली. सूनबाई हसली, “आई, बाग तुमची की माव्याची?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

बाकी आमच्या आईच्या वेळी वैशाखात पालेभाजी असायचीच कुठे? डाळी, कडधान्यं, सांडगे, वाळवलेली गवार. अष्टमी-चतुर्दशीला तर हिरवं नसायचंच. कुणाचं काही अडलं नाही. आता बारा महिने कोथिंबीर भुरभुरल्याशिवाय आपली आमटी पूर्णच होत नाही.

पुदिना मात्र यंदाही गेला, जाळीखाली ठेवूनसुद्धा. त्या कुंडीचं पाणी आता तांदुळज्याला जातं. चटणीला कैरी आहे.