दहशतवाद, सूड आणि कायद्याचे राज्य

जुलै 2025 मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. 21 जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 सालच्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या सर्व बारा जणांना निर्दोष ठरविले. त्यांतील एक जण अपिलाच्या निकालाची वाट पाहत 2021 सालीच तुरुंगात मरण पावला होता. 31 जुलै रोजी विशेष न्यायालयाने 2008 सालच्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींची मुक्तता केली. पहिल्या घटनेत 180 हून अधिक प्रवासी ठार झाले होते, दुसरीत सहा माणसे. आमच्या मालवणात या दोन्ही निकालांवरची चर्चा मी ऐकली. पहिल्या निकालाने जे संतापले होते त्यांतील बहुतेकांनी दुसऱ्याचे स्वागत केले. क्वचित कोणी याच्या नेमके उलट बोलत होते. आरोपींची नावे वाचून प्रत्येकाने न्यायाचे मोजमाप केले. या दोन्ही घटनांतील माणसे अखेर मारली कोणी, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडला.

धर्मांध हिंसा ही कोणा एकाच धर्माची मिरासदारी नाही, हे महाराष्ट्राला तरी कोणी शिकवायला नको. 1948 साली गांधीजींचा खून एका मराठी माणसाने केला, तेव्हा साने गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवस उपोषण केले. दहशतवादाला धर्म नसतो, एवढे म्हणून हात झटकणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही. आपल्या अंगणात उगवलेले विष प्रथम आपणच उपटले पाहिजे, असे त्यांनी मानले. 2013 साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि 2015 साली कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी तसा विचार केला? हाच प्रश्न मुंबईतील स्फोटांनंतर मुस्लिम समाजातील विचारवंतांनाही विचारला पाहिजे; पण तो विचारण्याचा अधिकार आधी स्वतःला विचारणाऱ्यालाच आहे.

आता सरकारच्या कर्तव्याविषयी. अर्थशास्त्र शिकविताना मी विद्यार्थ्यांना सांगत असे की, कोणत्याही निर्णयाची खरी किंमत त्यापायी हातची गेलेली संधी ही असते. सप्टेंबर 2006 मध्ये मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. नऊ मुसलमानांना आरोपी करण्यात आले आणि 2016 साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्या नऊ जणांची उमेदीची वर्षे गेली, हा अन्याय तर खराच. पण त्याच काळात खऱ्या गुन्हेगारांचा माग थंडावला, ही सबंध समाजाची हानी होय. निरपराध माणूस गजाआड असतो तेव्हा अपराधी बाहेर मोकळा फिरत असतो. म्हणून काटेकोर तपास ही आरोपीवर केलेली मेहेरबानी नसून ते जनतेच्या सुरक्षिततेचे पहिले साधन आहे.

कायदे पुरेसे कडक नाहीत, हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत 257 माणसे मेली, तेव्हा ‘टाडा’ अस्तित्वात होता. तरीही आरडीएक्स आमच्याच कोकण किनाऱ्यावर, रायगड जिल्ह्यातील शेखाडीला उतरले. त्याची वाट कायद्याच्या सौम्यपणाने मोकळी झाली नव्हती. लाच खाल्लेल्या कस्टम आणि पोलीस अधिकाऱ्यांनी ती मोकळी केली होती, आणि त्यापायी त्यांतील काहींना पुढे शिक्षाही झाल्या. उलट, 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला जिवंत पकडून दिले. त्याला वकील मिळाला, खटला उघडपणे चालला, पुरावा अपुरा म्हणून दोन भारतीय आरोपी सुटले. आणि हल्ल्याला चार वर्षे पूर्ण होण्यापूर्वी कसाबची फाशी अमलातही आली. त्या खटल्याने आपले राज्य दुबळे ठरले नाही. जगासमोर त्याची मान उंचच राहिली.

आणि हे सारे दूर मुंबईतच घडते असे नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या वेळी मालवणात एका अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार झाली. त्याच्या आईवडिलांना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या कुटुंबाचे दुकान अनधिकृत म्हणून नगरपरिषदेने पाडले. पुरेशी नोटीस दिल्याशिवाय असे पाडकाम करू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जेमतेम तीन महिन्यांपूर्वी दिला होता. मार्चमध्ये त्याच न्यायालयाने अवमान याचिकेवर नगरपरिषदेस नोटीस काढली. बांधकाम खरोखर अनधिकृत असेल तर ते सामन्याच्या आदल्या दिवशीही तसेच होते. घोषणेची शिक्षा म्हणून दुकान पाडणारा कायदा आपल्या देशात नाही. तरीही गावातील पुष्कळ भल्या माणसांना त्यात समाधान वाटले, याची मला अधिक चिंता वाटते. दहशतवाद्याला हवा असतो तो हाच समाज: शेजाऱ्याकडे शत्रू म्हणून पाहणारा.

माझ्या पिढीला तरी विसर पडू नये. ‘मिसा’ 1971 साली देशाच्या सुरक्षेच्या नावाने आला आणि आणीबाणीत त्याच कायद्याने हजारो विरोधक तुरुंगात गेले. आमचे खासदार मधू दंडवते यांनाही बंगळूरच्या तुरुंगात राहावे लागले. जुलै 2025 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, तेव्हा मला त्या दिवसांची आठवण झाली. आज दुसऱ्यासाठी विणलेले जाळे उद्या कोणावर पडेल, हे ते विणणाऱ्याच्या हाती राहत नाही.

बॉम्बस्फोटात ज्याचा मुलगा गेला त्याने सुडाची भाषा केली तर मी त्याला दोष देणार नाही. सरकारला मात्र ती भाषा शोभत नाही. पोलिसांना आधुनिक तपासाचे शिक्षण, न्यायालयांना पुरेसे न्यायाधीश, चुकीने डांबलेल्यांना भरपाई आणि खोटा पुरावा रचणाऱ्यांना शिक्षा, या आपल्या मागण्या असल्या पाहिजेत. त्या टाळ्या मिळवून देणार नाहीत. पण पुढच्या वेळी गावात कोणाच्या दुकानावर यंत्र चालून येईल, तेव्हा नोटीस कोठे आहे, एवढा प्रश्न विचारायला आपला एक तरी कार्यकर्ता तेथे उभा असावा.