आधी आधण!

‘त्याला साधं पाणीसुद्धा उकळता येत नाही!’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो. मुलाबद्दल असेल तर त्यात लाड असतात, मुलीबद्दल असेल तर काळजी. मला दोन्ही खटकतं. एक तर पाणी उकळणं वाटतं तितकं ‘साधं’ नाही. आणि ते न येणं हे कुणाचंच कौतुक नाही.

इंटर्नशिपसाठी मी दोन महिने हैदराबादच्या कुकटपल्लीत राहिलो. केपीएचबी कॉलनीतल्या खोलीत आम्ही चौघे, शेगडी एक, पाणी कधी नळाचं तर कधी टँकरचं. नांदेडचा मित्र विचारायचा, “आधण आलं का रे?” तेलुगू मित्र त्यालाच ‘एसरु’ म्हणायचा. भातासाठी उकळत ठेवलेल्या पाण्याला दोन्ही भाषांनी वेगळा शब्द ठेवलाय. उगाच नाही!

आता आधण ओळखायचं कसं? तळाशी पहिले बारीक बुडबुडे दिसतात, ती पाण्यात विरघळलेली हवा; ती उकळी नव्हे. मग भांडं ‘सूं’ आवाज करू लागतं. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात विरतात, त्याचा हा आवाज. शेवटी सगळं पाणी खळखळतं, तेव्हा आधण आलं म्हणायचं. यानंतर गॅस कितीही मोठा केला तरी पाणी आणखी तापत नाही, वाफ तेवढी जास्त होते. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंच, त्यामुळे तिथे पाणी १०० नव्हे, साधारण ९८ अंशांनाच उकळतं. म्हणून झाकण ठेवावं, उकळी आली की आच कमी करावी. चौघांत एक सिलिंडर असला की हे विज्ञान पटकन कळतं!

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. ते खळखळून एक मिनिट उकळलं की रोगजंतू मरतात. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. पण ‘उकळलं म्हणजे शुद्ध झालं’ हे अर्धसत्य आहे. क्षार जात नाहीत. भांड्याला बसणारा पांढरा थर त्यांचाच. तेलंगणातल्या नलगोंडा भागात भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. ते काढायला नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने चुना आणि तुरटी वापरणारी पद्धत काढली. तिचं नावच ‘नलगोंडा तंत्र’.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला, असं कुणी विचारेल. मित्रमैत्रिणींनो, शब्द कोशात जगत नाहीत, वापरात जगतात. जेवण अ‍ॅपवरून मागवणाऱ्याला ‘आधण’ हा शब्द लागतच नाही. आणि ज्या घरात आधण ठेवणं एकाच बाईचं काम असतं, तिथे तो शब्द तिच्यापुरताच उरतो. आजारी पडल्यावर, परगावी गेल्यावर, पाणी गढूळ आल्यावर मात्र ते प्रत्येकाला यावंच लागतं.

तेव्हा ‘पाणीसुद्धा’ मधलं ते ‘सुद्धा’ आधी काढून टाकू. आणि उद्या सकाळी घरी आई उठायच्या आत चहाचं आधण आपणच ठेवू. सगळ्यांनी, मुलांनी तर नक्कीच.