‘आमचं’ म्हणजे कोणाचं?

2019च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात ‘आमचं ठरलंय’ हे दोन शब्द फेसबुक-व्हॉट्सॲपवर फिरले. मूळ गोष्ट लहान होती : काँग्रेसचे सतेज पाटील यांच्या गटाने आघाडीच्याच धनंजय महाडिकांविरुद्ध काम करायचे ठरवले होते. पण वाक्याची घडण पाहावी. ठरवणारा कर्ता गायब, क्रिया पूर्ण झालेली. कोणी, कधी, कशासाठी, हे विचारायला जागाच नाही. मराठीत ‘आपण’ ऐकणाऱ्याला पोटात घेतो, ‘आम्ही’ त्याला उंबऱ्याबाहेर ठेवतो. इथे मात्र निरोप पुढे ढकलला की वाचकही ‘आम्ही’त दाखल, काहीही न ठरवता! (हा मजकूरही ‘आम्ही’च लिहीत आहोत, पण आम्ही मोजून चौघे आहोत.)

वारणेच्या अलीकडे, सांगलीत, 2024 साली याच व्याकरणाचा विस्तार झाला. जागा ठाकरे गटाच्या शिवसेनेकडे गेली आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. तिकीट नाकारले गेले ते एका इच्छुकाला; प्रचारात तो जिल्ह्यावरचा अन्याय झाला. कार्यकर्त्यांचा राग खोटा नव्हता, ते लाखभर मतांनी निवडूनही आले. तरीही घराणे आणि जनता यांचा समास कोणत्या क्षणी झाला, हे कोणी विचारले नाही.

साताऱ्याचे उदाहरण अधिक बोचते. उदयनराजे मे 2019मध्ये राष्ट्रवादीतर्फे निवडून आले आणि सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. 18 ऑक्टोबरला भर पावसात शरद पवारांनी उमेदवार निवडण्यात आपली चूक झाल्याची कबुली दिली. मराठी राजकीय वक्तृत्वात अशी वाक्ये दुर्मीळच. मोबाइलवर उरला तो पाऊस. कबुलीचे पुढे काय, पक्षाने उमेदवार निवडण्याची रीत बदलली काय, हे त्या छायाचित्रात मावणारे नव्हतेच.

‘समाजमाध्यमांनी भाषा बिघडवली’ हे रडगाणे आम्हांस मान्य नाही. 1957 साली साताऱ्यातून लोकसभेवर गेलेले क्रांतिसिंह नाना पाटीलही रांगड्या बोलीतच बोलत. पण समोरचा शेतकरी उठून प्रश्न विचारू शकत होता.

आमचा खरा राग आमच्याच मराठी विभागांवर आहे. अलंकार शिकवायचे आणि प्रचाराची भाषा ‘साहित्य नव्हे’ म्हणून पत्रकारितेच्या वर्गाकडे ढकलायची! येत्या सत्रात एखाद्या प्राध्यापकाने ‘आमचं ठरलंय’ फळ्यावर लिहावे आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे : कर्ता शोधा.