नायक कोण निवडतो?

दिवाळीच्या सुटीत एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात मुलांची खेळणी पाहिली की दोन जगे शेजारी-शेजारी दिसतात. अंगणात मातीचा किल्ला आणि घरात प्लास्टिकचा अमेरिकी महावीर. पालक म्हणतात, मुलांना आवडते ते आम्ही घेतो. वरवर हे खरे आहे. पण मुलासमोर कोणते नायक ठेवायचे, हे ते दुकानात येण्यापूर्वी कितीतरी आधी ठरलेले असते.

ते कसे ठरते, याची कहाणी उद्‌बोधक आहे. 1984 साली अमेरिकेच्या मॅटेल कंपनीला मार्व्हलच्या महावीरांचे पुतळे विकायचे होते. त्यासाठी त्या पात्रांची एक मोठी कथामालिका निघावी, ही कंपनीची अट. ‘सीक्रेट’ आणि ‘वॉर्स’ हे शब्द मुलांना आकर्षित करतात असे कंपनीच्या चाचण्यांत आढळले होते. म्हणून मालिकेचे नाव ‘सीक्रेट वॉर्स’ ठेवले गेले, असे मार्व्हलचे तेव्हाचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी पुढे सांगितले. कथेत किल्ले, वाहने, यंत्रे हवीत, कारण तीही विकता येतात! म्हणजे कथेसाठी खेळणे नव्हे, खेळण्यासाठी कथा.

यामागचे अर्थशास्त्र साधे आहे. पोलादी साचा महाग असतो. म्हणून एकच धड अनेकांना वापरायचे, डोके आणि रंग बदलायचे. मॅटेलच्या ‘ही-मॅन’ मालिकेत नायक आणि खलनायक यांचे हातपाय बऱ्याचदा एकाच साच्यातले असत. सत्प्रवृत्ती आणि दुष्प्रवृत्ती एकाच कारखान्यात, एकाच पाळीत तयार होत! दुकानाकडे जाणाऱ्या खोक्यात खपणारा नायक अधिक संख्येने भरायचा, बाकीचे एखाददुसरे. ज्याचे पुतळे कमी पाठवले, त्याचा खप कमी होणारच. आणि खप कमी म्हणून पुढच्या वर्षी त्याला वगळायचे. यालाच बाजाराचा कौल म्हणतात.

या कौलात स्त्रिया सर्वांत आधी गळतात. ‘आयर्न मॅन 3’ (2013) या चित्रपटातील मुख्य खलपात्र आधी स्त्री होते, पण तिची खेळणी खपणार नाहीत म्हणून ते पुरुष करावे लागले, असे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनीच सांगितले आहे. 2015 च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये विमानातून मोटारसायकलसह झेपावते ती ब्लॅक विडो, हॅस्ब्रोच्या खेळण्यात मात्र त्या मोटारसायकलीवर कॅप्टन अमेरिका बसला होता. पडद्यावर तिने केलेले काम खेळण्यात पुरुषाच्या नावे जमा झाले. आमच्या शेतमजूर भगिनींना हा हिशेब नवा वाटणार नाही.

स्वदेशीने हे सुटेल काय? खेळण्यांवरील आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले; 1 जानेवारी 2021 पासून मानक चिन्हही सक्तीचे झाले. येथील कामगाराला काम मिळाले तर आम्हांला आनंदच आहे. परंतु फनस्कूलने ‘जी. आय. जो’ हा अमेरिकी सैनिक भारतातच बनवून विकला होता, हे विसरून चालणार नाही. घडवणारे हात आपले, निवड मात्र परक्याची.

अंगणातला किल्ला याहून वेगळा आहे. तेथे सिंहासनावर महाराज असतात खरे, पण केवळ महाराजांनी किल्ला भरत नाही. पहारेकरी हवेत, शेतकरी हवा, बैलगाडी हवी, गवळण हवी. अनामिक मावळाच तेथे सर्वाधिक खपतो. कुंभारही गिऱ्हाईक पाहूनच साचा काढतो. त्याला आम्ही संत ठरवू इच्छित नाही. शिवाय किल्ल्यावरच्या बाईच्या डोक्यावर अजून घागरच असते, हेही पाहिले पाहिजे.

तेव्हा कामगार संघटनांनी आणि महिला मंडळांनी आपल्या परिसरातील बालवाड्यांसाठी एवढे करावे: जवळच्या कुंभारांशी बोलून काही नव्या मूर्ती घडवून घ्याव्यात. खांबावर चढलेला लाइनमन, कोळसा हाताळणारा कामगार, कोयता घेतलेली ऊसतोड कामगार बाई, परिचारिका. कोणत्या घ्यायच्या हे मुलांनाच विचारावे, पण मुलींना आधी. पावसाळी हवेत माती लवकर वाळत नाही. म्हणून मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी आणि निम्मे पैसे आगाऊ द्यावेत.