सीव्हीत मंडळ का नाही?

परवा कसबा पेठेत कट्ट्यावर बसून एका मित्राचा सीव्ही बघत होतो. बी.कॉम., फर्स्ट क्लास, टॅली, एक्सेल. खाली तीच ठरलेली ओळ, ‘हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर’. हा पठ्ठ्या तीन वर्षं गणेश मंडळाचा खजिनदार आहे. वर्गणीची पावतीपुस्तकं, मांडववाल्याचा ॲडव्हान्स, परवानग्यांचे हेलपाटे आणि शेवटी सगळ्यांसमोर हिशेब. सीव्हीत मात्र त्यातलं एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणे, “ते काय सांगायचं? ते आपलं घरचंच की!”

इथेच आपण चुकतो.

फ्रेशरला घेताना कंपनी काय बघते? पहिली चाळणी मार्कांची आणि ॲप्टिट्यूड टेस्टची असते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातून पुढे आलेल्यांच्या मार्कांत फारसा फरक नसतो. मग बघितलं जातं ते वेगळंच. याच्यावर काम सोपवलं तर तडीस नेईल का? अडलं तर विचारेल का? चुकलं तर कबूल करेल का? म्हणून तर “अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत?” हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. आणि आपण ‘आय ॲम अ टीम प्लेअर’ म्हणून गप्प बसतो.

याच पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन तिथे मठारकाम केलं जातं. ‘मी मेहनती आहे’ असं कारागिराला सांगावं लागत नाही. भांडं हातात घेतलं की कळतं. तुम्हीही तुमचं भांडं दाखवा.

म्हणजे ‘नेतृत्वगुण’ असं न लिहिता ‘ढोल पथकाच्या सरावाचं वेळापत्रक दोन वर्षं सांभाळलं’ असं लिहा. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत काम केलंय? बिनधास्त लिहा. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम आणि शिक्षणाची सांगड घातली, ती काय लपवायला? बाबांच्या दुकानाचा स्टॉक, आईच्या डब्यांची ऑर्डर, हेही कामच. फक्त फुगवू नका. दुसऱ्याच प्रश्नाला फुगा फुटतो.

सांगण्यासारखं काहीच नसेल, तर पदवीधरांसाठी शिकाऊ उमेदवारी आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार तिथे विद्यावेतनही मिळतं. केंद्राच्या ‘एनएटीएस’ पोर्टलवर नोंदणी करा.

एक गोष्ट कंपन्यांनाही सांगायला हवी. बिनपगारी इंटर्नशिप सगळ्यांना परवडत नाही. संध्याकाळी गल्ल्यावर बसणारी मुलगी एसी ऑफिसात दोन महिने काढलेल्या मुलापेक्षा कमी शिकलेली नसते. पण तिनं ते सांगितलंच नाही, तर त्यांना कळणार कसं?

मित्राच्या सीव्हीत शेवटी ओळ आली, ‘मंडळाचा खजिनदार, तीन वर्षं, जमाखर्च एक्सेलमध्ये ठेवून वार्षिक सभेत मांडला’.

“यावरून प्रश्न विचारले तर?” मी म्हटलं.

तो हसला. “सभेत काका लोकांचे प्रश्न झेललेत रे. हे काय अवघड!”