पानात कमाई, मुळात खर्च



मागच्या पंधरवड्यात ऊस पिवळा पडल्याची तक्रार आली म्हणून एका वस्तीवर गेलो होतो. सरीत पाणी इतके तुंबले होते की बूट काढूनच आत जावे लागले. शेतकरी वयाने वडील माणूस. म्हणाले, "साहेब, पाण्यात कसूर नाही. रात्रीची वीज आली की मोटार चालू, गेली की बंद. खतही टाकलंय. मग ऊस उपाशी का?" मी म्हटले, "तात्या, उपाशी नाही, गुदमरलाय." ते नुसते हसले. ऊस कुठे गुदमरतो का, असा त्यांचा चेहरा. तेव्हाच ठरवले की या अंकात यावर लिहायचे.

उसाच्या हिरव्या पानातील पेशींत हरितलवक नावाचे बारीक कण असतात. आपली साखर खरी तिथे होते, कारखान्यात आपण ती फक्त काढून घेतो. हरितलवक ऊन पकडतात, त्या शक्तीवर हवेतला कर्बवायू आणि पाणी यांपासून शर्करा बनवतात आणि प्राणवायू बाहेर सोडतात. पेशीत दुसरेही कण असतात, त्यांना तंतुकणिका म्हणतात. त्यांचे काम बॉयलरचे. शर्करा प्राणवायूबरोबर जाळायची आणि तिच्यातली शक्ती एटीपी नावाच्या पदार्थाच्या रूपाने पेशीला वापरायला द्यायची. हरितलवक रात्री थांबतात. तंतुकणिका मात्र रात्रंदिवस चालू असतात, पानात, कांडीत, मुळात, सगळीकडे.

या बाबतीत ऊस भाग्यवान पीक आहे. पानात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. बाहेरच्या पेशी कर्बवायू पकडून शिरेभोवतालच्या पेशींना पोचवतात, आणि तिथे शर्करा तयार होते. त्यामुळे कडक उन्हात गव्हा-भाताची जी कमाई वाया जाते, ती उसाची फारशी जात नाही. हा शोध लागला तोही उसातच. हवाई बेटांवरील ऊस बागायतदारांच्या संशोधन केंद्रातील कॉर्टशाक, हार्ट व बर यांनी तो १९६५ साली छापला, आणि ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच व स्लॅक यांनी १९६६ पासून त्याची सगळी साखळी उलगडली. म्हणजे साखर धंद्याच्याच पैशावर हे काम झाले. आपल्याकडे संशोधनाला पैसे म्हटले की सभेत कपाळाला आठ्या पडतात, हे जाता जाता सांगतो.

आता मुळाकडे येऊ. मुळाला ऊन नाही, हरितलवक नाहीत. पान त्याला एटीपी पाठवत नाही, साखर पाठवते. ती जाळून शक्ती काढणे हे मुळाचे स्वतःचे काम, आणि त्याला मातीतला प्राणवायू लागतो. तो मिळाला तर शर्करेच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी निघतात. नाही मिळाला तर फक्त २. साखर तेवढीच, निघणारी शक्ती पंधरावा हिस्सा. आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. तुंबलेल्या सरीत मुळाची हीच गत होते. युरियातला नत्र आत ओढून घ्यायलाही शक्ती खर्चावी लागते, त्यामुळे खत रानात असून ऊस पिवळा दिसतो. मग आपण काय करतो? आणखी एक पोते टाकतो. ऊस चिवट आहे, लगेच मरत नाही. पाण्यालगतच्या कांड्यांवर मुळ्या फुटलेल्या आपण पाहतोच. तो त्याचा श्वासासाठी चाललेला आटापिटा असतो, जोमदार वाढीची खूण नव्हे. आपल्या वाडवडिलांनी वाफसा हा शब्द उगीच ठेवला नाही. ओल आणि हवा दोन्ही असली तरच वाफसा.

दुसरी गोष्ट वैरणीची. वाळलेले पाचट काढा, माझी हरकत नाही. खालचे पान पिवळे पडताना आपला नत्र वरच्या पानांना देऊन मोकळे झालेले असते. पण उभ्या उसाची वरची हिरवी पाने ओरबाडणे म्हणजे चालू गिरणी मोडून विकणे. गोठ्यात चार जनावरे असली आणि उन्हाळ्यात वैरण नसली की माणूस काय करणार, हे मला कळते. त्याला दोन गुंठे घास किंवा हत्ती गवत हाच उपाय आहे, ऊस नव्हे.

तिसरी गोष्ट सांगितली की काही मंडळी माझ्यावर रागावतात. थंडीत उसाची वाढ मंदावते, खर्च कमी होतो, पानांची कमाई मात्र बरीचशी चालू राहते. शिल्लक साखर कांडीत साठते आणि उतारा चढतो. अशा वेळी तोडीच्या तोंडावर वजनासाठी भरपूर पाणी द्यायचे, कोणी तर युरियाही टाकायचा, हे बरे नाही. ऊस पुन्हा वाढीला लागतो आणि साठलेली साखर मोडून खातो. वजन एकाचे वाढते, उतारा सगळ्यांचा घटतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, आणि दर ०.१ टक्क्याच्या वाढीला किंवा घटीला ३ रुपये ४६ पैशांचा फरक ठेवला. टनाला ३४ रुपये ६० पैसे. हा तोटा पाणी न दिलेल्या शेजाऱ्यानेही सोसायचा. याला सहकार म्हणावे काय?

अर्थात आमच्याकडेही बोट दाखवायला जागा आहे. तोडलेला ऊस मेलेला नसतो. फडात, गाडीत, गव्हाणीपाशी त्याच्या पेशी साखर जाळतच असतात, शिवाय साखर फुटते ती वेगळीच. तोड दिली आणि वाहन आले नाही, किंवा पाणी तोडायला सांगितले आणि टोळी महिनाभर फिरकली नाही, असे आमच्या खात्याकडून झाले आहे. ज्याने माझे ऐकून पाणी तोडले त्याचा ऊस वाळला, तर पुढच्या वर्षी तो माझे का ऐकेल?

म्हणून माझे मत असे की तोडीची तारीख नुसत्या लागणीच्या नोंदीवर न ठरवता प्रत्येक प्लॉटची ब्रिक्स पाहून ठरवावी, आणि ते आकडे गट ऑफिसच्या फळ्यावर नावानिशी लावावेत. हातात धरायचे ब्रिक्समीटर फार महाग नसते. तारीख दिल्यावर टोळी चार दिवसांपेक्षा जास्त चुकली तर त्याचा जाब शेतकी खात्याला, म्हणजे मलाही, विचारावा. येत्या वार्षिक सभेत हा विषय कोणी सभासदाने मांडला तर मी उत्तर द्यायला हजर आहे.

तात्यांच्या रानात सध्या खालच्या अंगाने चर काढण्याचे काम चालू आहे. पाणी चार दिवस बंद ठेवा म्हटल्यावर ते म्हणाले, "दोन दिवस ठेवतो." तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तेव्हा मोटार बंदच होती.